डॉज सिटीची स्टेशन डायरी

‘गनस्मोक’ ही अमेरिकन मालिका १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली. ६३५ भाग झाले. त्यांतले मी जेवढे पाहिले तेवढ्यांत माणसं धडाधड मेली, पण पंचनामा एकाचाही झाला नाही.

ही उणीव जमादार मामांनी दाखवून दिली. ते आमच्या समोरच्या घरात राहतात. हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले, वर्दी उतरली, पण नजर अजून ड्यूटीवर आहे. नातवानं त्यांना मोबाइलवर जुन्या घोडेवाल्या मालिका लावून दिल्या आणि तेव्हापासून परभणीच्या दुपारी आमच्या गल्लीत कॅन्ससचे बदमाश मरू लागले. मामा आवाज बंद करून पाहतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, “गुन्हा बघायचा असतोय, ऐकायचा न्हाई. ऐकीव साक्ष कोर्टात टिकत न्हाई.”

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅन्सस राज्यात डॉज सिटी नावाचं गाव. काळ १८७० नंतरचा. गावात मार्शल मॅट डिलन, म्हणजे आपल्या भाषेत फौजदार. हाताखाली आधी लंगडत चालणारा चेस्टर, पुढे खेचरावर बसणारा फेस्टस. एक चिडका पण मायाळू डॉक्टर, आणि लाँग ब्रांच या गुत्त्याची मालकीण मिस किटी. डिलनचं आणि किटीचं काहीतरी आहे हे सगळ्या गावाला माहीत, पण वीस वर्षांत साखरपुडासुद्धा नाही. आमच्याकडे एवढ्या अवधीत त्यांच्या नातवंडांच्या बारशाची आमंत्रणं छापून झाली असती.

डिलनचं काम करणारा जेम्स आर्नेस सहा फूट सात इंच उंच होता. त्याआधी १९५२ पासून हीच गोष्ट रेडिओवर चालायची. तिथे विल्यम कॉनरॅड नावाचा नट भारदस्त आवाजात डिलन व्हायचा. टीव्हीसाठी मात्र त्याला घेतलं नाही, कारण आवाज मार्शलचा असला तरी अंगकाठी मार्शलची नव्हती. मामांना हे सांगितल्यावर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. “लेखीत पास, ग्राउंडला नापास. भरतीला दर वर्षी असली शंभर पोरं वापस जातेत.”

मालिकेच्या सुरुवातीलाच एक द्वंद्व असे. मोकळा रस्ता, एका टोकाला डिलन, दुसऱ्या टोकाला एक अनोळखी इसम. इसम पिस्तूल काढतो, क्षणभर आधी त्याचाच बार उडतो, पण नेम चुकतो. डिलनचा चुकत नाही. मामांनी इथेच मोबाइल थांबवला आणि बोट ठेवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिला बार कोणाचा, हे कोणी पाहिलं? चुकलेली गोळी गेली कुठे? समोरच्या दुकानात घुसली असेल तर नुकसानीची वेगळी फिर्याद. पुंगळ्या जप्त केल्या का? मार्शलनं स्वतःचं हत्यार तपासणीला जमा केलं का? “आन् हा तर सरळ गुत्त्यात शिरायलाय! ह्याच्यावरच पहिली चौकशी लागंल.”

मग त्यांनी पंचनामा तोंडी सांगितला आणि मी लिहून घेतला. लेखनाचं श्रेय त्यांचं, शुद्धलेखन माझं.

“आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, घटनास्थळ हे मौजे डॉज सिटी येथील मुख्य रस्ता असून त्याचे पूर्वेस दारूचे दुकान, पश्चिमेस दारूचे दुकान, उत्तरेस घोडे बांधण्याची जागा व दक्षिणेस पुन्हा दारूचे दुकान आहे. रस्ता कच्चा असून धूळ आहे. मयत इसम हा उताणे स्थितीत मिळून आला. अंगात काळी बंडी, कमरेस चामडी पट्टा. उजवे हाताजवळ रिव्हॉल्व्हर एक, जुने वापरते. डोकीपासून चार हात अंतरावर टोपी एक, घामट, किंमत निरंक. आजूबाजूस विचारपूस करता सर्वांनी आपण त्या वेळी आत होतो असे सांगितले. पंचनामा आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे.”

यातलं शेवटून दुसरं वाक्य मामांनी न अडखळता सांगितलं. ते डॉजचं नव्हतं.

कारण पंच मिळणं ही खरी मारामारी आहे. पिस्तुलं निघाली की डॉजमध्ये रस्ता रिकामा होतो. लोक दारांआड जातात, खिडकीच्या फटीतून पाहतात. आमच्याकडे उलट. दोन मोटारसायकलींचे आरसे एकमेकांना घासले तरी स्टेशन रोडवर क्षणात शंभर माणसं जमतात. त्यांतले साठ जण मोबाइल वर धरतात, वीस जण निकाल देतात, दहा जण दोन्ही पक्षांना एकाच वेळी “जाऊ द्या हो” म्हणतात, आणि उरलेले कोण कुणाचा भाचा आहे ते शोधतात. या गर्दीला हटवायला लाठी लागत नाही, अश्रुधूर लागत नाही. हवालदारानं नुसती वही उघडून म्हणावं, “पंच म्हणून दोघं जण सही करा बरं.” अर्ध्या मिनिटात रस्ता असा मोकळा होतो की डिलननं तिथे खुशाल द्वंद्व खेळावं. डिलनच्या पिस्तुलापेक्षा आमच्या कॉन्स्टेबलचं बॉलपेन जास्त लोकांना पळवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा मीही त्याच रस्त्यानं चाललो होतो. जरा वेगानं.

लोक पळतात त्यालाही कारण आहे. आज केलेल्या सहीची तारीख कोर्टात केव्हा लागेल ते कुणी सांगू शकत नाही. ती लागते तेव्हा पंचाचे केस पांढरे झालेले असतात आणि वकील त्याला विचारतो, त्या दिवशी टोपी चार हातांवर होती की पाच?

तरी डॉजसारखं परभणीलाही सरहद्दीचं गाव म्हणायला कुणाची हरकत नसावी. आमच्याविषयी दोन म्हणी आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आम्ही पाहुण्यांना सांगतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही पाहुणे आम्हाला सांगतात. दुसरीकडे कुठे जमलं नाही तर शेवटी परभणी आहेच, हा दुसरीचा अर्थ धरला तर तो डॉज सिटीच्या वेशीवरही लिहिता आला असता. डॉजही रेल्वेमुळेच वाढलं. सांता फे रेल्वेचे रूळ १८७२ मध्ये तिथे पोहोचले, टेक्सासहून लांब शिंगांची गुरं हाकत गुराखी तिथे येऊ लागले, गुरं गाडीत चढली की हातात पगार आणि समोर गुत्ते. आमच्याकडे निजामाच्या काळात मनमाडहून हैदराबादकडे गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली, कापूस गाडीत चढला, आणि हातात पट्टी घेतलेला शेतकरी मोंढ्याबाहेर पडला. फरक एवढाच की डॉजच्या गुराख्याचा पैसा गुत्त्यात जायचा, आमच्या शेतकऱ्याचा आधी सावकाराकडे जायचा. त्यामुळे दारू पिऊन गोळीबार करण्याइतकी रक्कम शिल्लक राहत नसे.

आणि खऱ्या डॉजमध्येही एवढे गोळीबार होत नव्हते, ही गंमत फार कमी लोकांना ठाऊक आहे. रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकारानं कॅन्ससमधल्या गुरांच्या पाच बाजारगावांचे कागद चाळून १८७० ते १८८५ या काळातले खून मोजले. पाचही गावांत मिळून भरले ४५. म्हणजे गावागणिक दोन वर्षांत एकाच्या थोडं वर. टीव्हीवरच्या डॉजमध्ये तेवढे एका हंगामात सहज उरकत. खऱ्या डॉजमध्ये रेल्वेच्या रुळांच्या उत्तरेला बंदूक घेऊन फिरायलाच बंदी होती. आत शिरताना हत्यार जमा करायचं, जाताना परत न्यायचं. आमच्याकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. त्यांच्याकडे बारमाही आचारसंहिता होती, एवढंच. म्हणजे प्रत्यक्षातला मार्शल हा पिस्तूलबाज कमी आणि मुद्देमाल कारकून जास्त. कोणाचं पिस्तूल कोणत्या खुंटीवर टांगलंय हे लक्षात ठेवणं हीच त्याची मर्दुमकी.

याहून पुढचं ऐका. वाइल्ड बिल हिकॉक म्हणजे पिस्तूलबाजांचा शिरोमणी. तो १८७१ मध्ये ॲबिलीनचा मार्शल होता. गावातली बेवारस कुत्री गोळी घालून मारणं हे त्याच्या कामात धरलेलं होतं आणि त्याचे नगामागे पन्नास सेंट ठरलेले होते. हे वाचल्यावर मला त्या काळाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न, कंत्राटाचा दर, नगांची मोजणी! फक्त एक अर्ज, त्यावर तीन शेरे आणि ‘अर्थसंकल्पीय तरतूद नाही’ असं उत्तर एवढं जोडलं की ॲबिलीन आपल्या ओळखीचं गाव होतं.

योगायोग असा की त्याच १८७१ साली इंग्रजांनी इकडे गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला आणि कोंडवाड्याला कायद्याचं बळ दिलं. परभणी तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तो कायदा आमच्या वाट्याला पुढे आला. पण डोकं बघा. लाखो गुरं, मोकळा मुलूख, शेतात घुसणारे कळप हा प्रश्न दोन्हीकडे एकच. तिकडच्या लोकांनी त्यावर टोप्या, घोडे आणि पिस्तुलं असा तोडगा काढला. इकडे चार भिंती, एक फाटक आणि एक पावतीपुस्तक. शेतात शिरलेली म्हैस कोंडवाड्यात न्यायची, मालक शिव्या देत येतो, दंड भरतो, चाऱ्याचे पैसे भरतो आणि म्हैस घेऊन जातो. कोणी मरत नाही. मालिकाही निघत नाही.

मारामारी आमच्याकडे नाहीच असं मात्र समजू नका. ती धुऱ्यावर होते. कॅन्ससमध्ये सरकारनं १८६२ च्या कायद्यानं वसाहतकऱ्याला १६० एकर दिले आणि तरी कुंपणाच्या तारेवरून रक्त सांडलं, याचं आमच्या लोकांना हसू येतं. १६० एकरांवर कोणीही भांडेल. आमचा माणूस सख्ख्या भावानं एक तास दाबून नांगरला म्हणून तीन पिढ्या भांडतो. एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बैलाच्या दोन पावलांची रुंदी. त्यातनं वर्षाला पायलीभर ज्वारी निघेल. कोर्टात त्यासाठी जिंतूरहून परभणीला जितके हेलपाटे होतात, तेवढ्या भाड्यात शेजारचं अख्खं वावर बटईनं करता आलं असतं. या द्वंद्वात पिस्तूल नसतं. रुमणं असतं, खोऱ्याचा दांडा असतो, आणि मुख्य म्हणजे भावजय असते. डिलन कितीही सहा फूट सात इंच असो, भर उन्हात धुऱ्यावर उभं राहून डोक्यावर पदर घट्ट करत एका दमात सात पिढ्या काढणाऱ्या भावजयीसमोर त्याचा हात पट्ट्यापर्यंत पोचला नसता.

अशा वेळी जो मधे उभा राहतो तो आमच्याकडचा खरा मार्शल, म्हणजे पोलीस पाटील. आमचे एक दाजी जिंतूर तालुक्यात पोलीस पाटील आहेत. निजामाच्या राज्यात गावाला पाटील दोन असत: वसुलीचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील. दोन्ही वतनं, बापाची पोराकडे जाणारी. पुढे वतनं गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. आता त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे परीक्षा होते. लेखी ८० गुण, तोंडी २०. दहावी पास पाहिजे, वय २५ ते ४५ पाहिजे, त्याच गावचा रहिवासी पाहिजे. पिस्तूल चालवता येतं का, असा रकाना अर्जात नाही.

दाजींकडे घोडा नाही, बिल्ला आहे पण तो कपाटात, आणि हत्यार म्हणाल तर मोबाइल. मानधन बरीच वर्षं साडेसहा हजार होतं, २०२४ मध्ये पंधरा हजार झालं. या पंधरा हजारांत त्यांनी गावातली खबर ठाण्याला द्यायची, गणपतीची मिरवणूक वेळेत बुडवायची, बेवारस मढ्याजवळ पोलीस येईपर्यंत बसायचं, वाळूच्या गाड्या रात्री कोणत्या वाटेनं गेल्या ते पाहायचं आणि वाळूवाल्यांच्या लग्नालाही जायचं, कारण ते चुलत्याचे साडू लागतात. डिलनला डॉजमध्ये एकही नातेवाईक नव्हता. त्याच्या शौर्याचं अर्धं रहस्य मला तिथेच दिसतं. समोर उभा राहिलेला बदमाश हा आपल्या आत्याचा दीर असता आणि आत्या पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर उभी असती, तर बघितलं असतं कोण आधी पिस्तूल काढतो ते.

“दाजी, तुम्हाला कधी भीती वाटली का हो?” मी एकदा विचारलं.

“वाटली की. सासऱ्याचं अतिक्रमण निघालं तवा.”

बँक लुटण्याशिवाय घोडेवाली गोष्ट पुरी होत नाही, आणि इथे आम्ही कोणाला हार जाणार नाही. आमच्याच रेल्वेवर, नांदेडच्या पलीकडे उमरी आहे. जानेवारी १९४८. हैदराबाद संस्थान अजून भारतात आलेलं नव्हतं, रझाकारांचा धुमाकूळ होता आणि संस्थानाच्या हद्दीबाहेर स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या. खरीखुरी सरहद्द, रात्री नदी ओलांडून जाणं, सशस्त्र तुकड्या, सगळं. त्यांतल्या लोकांनी उमरीच्या बँकेवर छापा घालून लाखांनी मोजावी अशी रक्कम नेली. इथवर अगदी इंग्रजी सिनेमा. पण नेल्यावर त्यांनी काय केलं, तर हिशेब ठेवला! लढ्यावर काय खर्चलं, काय उरलं, याचा ताळेबंद. बँक लुटून कीर्द-खतावणी लिहिणारे लोक अमेरिकेच्या पश्चिमेत शोधून सापडायचे नाहीत. जेसी जेम्सनं आयुष्यात एवढ्या लुटी केल्या, पण एकाही लुटीचं व्हाउचर मागे ठेवलं नाही.

मामांनी हे ऐकून मान हलवली. त्यांच्या मनातली आमच्या थोर लोकांची उंची आणखी एक इंच वाढली असावी.

पण पडद्यावर या सगळ्याला भाव नाही. म्हणून आम्हाला जो घोडेवाला फौजदार मिळाला तो ‘शोले’तला ठाकूर. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला हा सिनेमा रेल्वेत, घोड्यांत, डोंगरांत पुरता अमेरिकन, आणि तरी त्यातला कालिया आपला विजू खोटे. शेवटी ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो असंच आधी चित्रित केलेलं होतं. आणीबाणी चालू होती. सेन्सॉरनं हरकत घेतली की माजी पोलीस अधिकारी कायदा हातात कसा घेतो? ठाकूरला हात नव्हते हा मुद्दा त्यांनी ग्राह्य धरला नसावा. मग शेवट बदलला. ऐन वेळी पोलीस येतात, समजूत घालतात आणि गब्बर रीतसर ताब्यात जातो. दोन हात कापलेला माणूस, पन्नास कोसांवरचं पोरांचं रडणं, जयचं मरण, एवढं सगळं झाल्यावर निकाल असा की आता गुन्हा दाखल करू. मारझोडीचा मूळ शेवट असलेली प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली, तेव्हा कुठे ठाकूरची लाथ पन्नास वर्षांनी पोचली. मामांना मात्र जुनाच शेवट पसंत आहे. त्यांच्या मते खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. गब्बरची पोलीस कोठडी किती दिवसांची, सांबाला माफीचा साक्षीदार करायचा का, बसंती उलटतपासणीत किती तास बोलली आणि न्यायाधीशांनी तिला कितीदा मुद्द्यावर आणलं. हा सिनेमा निघाला तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

‘शोले’ आला त्याच वर्षी, साडेचार महिने आधी, ‘गनस्मोक’ संपली होती. शेवटचा भाग लागला ३१ मार्चला. ही तारीख ऐकताच मामा ताठ बसले. ३१ मार्च! म्हणजे कोणीतरी अनुदान परत जाईल म्हणून घाईघाईनं गुंडाळलं. आणि खरंच तसंच झालं होतं. मालिका बंद होणार हे कलावंतांनाही धड कोणी सांगितलं नाही, बातमी बाहेरून कळली. निरोपाचा भाग नाही, मार्शलनं गाव सोडल्याचा देखावा नाही, किटीशी दोन शब्द नाहीत. (ती बिचारी तर एक वर्ष आधीच मालिका सोडून गेली होती.) वीस वर्षं सेवा झालेल्या माणसाला शाल नाही, नारळ नाही, ‘साहेबांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही’ असं खोटं भाषण नाही, फोटोत उभं राहायला वहिनी नाहीत.

याचं मामांना खरोखर वाईट वाटलं. नियमाचा माणूस तो, लगेच कागदावर आला. वीस वर्षं भरली म्हणजे पेन्शनला हरकत नाही. पण प्रकरण कोण पुढे सरकवणार? चार्ज फेस्टसकडे द्यायचा तर फेस्टसला लिहितावाचता येत नाही. रजेचा हिशेब लावावा तर मार्शलनं रजा घेतलेलीच नाही, ज्या भागात दिसला नाही त्या भागात तो कैदी आणायला बाहेरगावी गेला होता, म्हणजे दौरा. दौरा म्हटला की प्रवासभत्ता. प्रवासभत्ता म्हटला की वाहन.

मामांनी चष्मा काढला, मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ विचार करून मला विचारलं,

“त्येचा तो घोडा सरकारी होता का खाजगी?”